कांबळे सिस्टरांची सावकाश सायकल

लांबून गाण्याचा आवाज आला की माझा पाय आपोआप पेडलवरून खाली येतो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लावायची आमच्याकडं पद्धतच आहे. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येऊन थडकतं. गाणं लग्नातलं असो नाहीतर देवाचं, मी उतरतेच. मी सायकल रस्त्याच्या खाली घेते, शेताच्या कडेला उभी राहते आणि मनातल्या मनात म्हणते, सिस्टर, उतरले बघा.

सिस्टर म्हणजे कांबळे सिस्टर. भवानीनगरपासून अंथुर्ण्यापर्यंत कुणालाही नुसतं 'सिस्टर' म्हणून विचारा, दुसरं कुणी डोळ्यांपुढं येणार नाही. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं नाव लीलावती आहे हे मला ओळख होऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं, तेही विहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात कुणीतरी माईकवरून पुकारलं म्हणून. मी म्हटलं, ही लीलावती कोण बाई, आणि शेजारच्या सिस्टरच उठून उभ्या राहिल्या.

ठेंगणी मूर्ती, केस बारीक कापलेले, अंगात फिका पंजाबी ड्रेस आणि पायात बंदाचे सँडल. रिटायर झाल्या त्या दिवशी साडी कपाटात गेली. "साडीचा पदर चाकात जातो. दोन बायकांचं हात बांधलेत मी त्यापायी," असं त्या सांगायच्या. त्यांच्या प्रत्येक नियमाच्या मागं असा कुणाचा तरी मोडलेला हात असायचा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मी मंगल. बालवाडीत शिकवते, नवरा साखर कारखान्यात नोकरीला, राहायला कॉलनीत. आणि मी भित्री आहे. भित्री भागूबाई म्हणतात ना, ती मीच. पाल, कुत्रं, गॅसचा वास, अवेळी वाजलेला फोन, सगळ्याला भिते. नवरा दहा मिनिटं उशिरा आला की मी त्याला मनात अॅम्ब्युलन्समध्ये घालून मोकळी होते. अशा बाईला पंचेचाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलीय. मी दोन दिवस रडून काढले.

तिसऱ्या दिवशी सिस्टर दारात. कुणी बोलावलं नव्हतं. पायरीवर बसल्या, पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "साखरंच्या कॉलनीत राहून साखर झाली म्हणून रडती व्हय? हितली हवाच गोड हाय. चल, सायकल शीक."

"या वयात? आणि पडले तर?"

"पडशील की. मग उठशील. न्हाय उठलीस तर मी हाय."

शिकवायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. पहिला सगळा आठवडा मला सायकलवर बसूच दिलं नाही. कॉलनीच्या मैदानात सायकल हातात धरून नुसतं चालायचं. उजवीकडून, डावीकडून, वळवून, थांबवून. बायका गॅलरीतून बघून हसायच्या. कुणी विचारायचं, पंक्चर झाली का हो? मी लाजेनं अर्धी व्हायची. सिस्टर झाडाखाली शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, "वळख झाल्याबिगर कुणाच्या पाठीवर बसू ने. तिचं वजन हाताला कळू दी." दुसऱ्या आठवड्यात सीट खाली घेतली आणि पायानं जमीन ढकलत जायला लावलं. पेडल तर नंतर कितीतरी दिवसांनी आलं. मी एकदाही पडले नाही. या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे, आणि तो अभिमान मी मिळेल तिथं सांगते.

आमच्यातली तिसरी रुखसानाभाभी. कारखान्याच्या गेटापासून जवळच तिचं शिवणकामाचं दुकान. तिला सायकल लहानपणापासून येत होती. "मशीनवर दिवसभर पाय हलवते, सिस्टर, पण माणूस हाय तिथंच," असं म्हणून ती आमच्यात आली. जोरात मारायची सवय. पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना मागं टाकून पुढं गेली आणि वळून हसली. सिस्टरांनी हाक मारून थांबवलं. "भाभी, हितं एक कायदा हाय. सगळ्यात हळू चालवणारी म्होरं. बाकीच्या तिच्या मागं. कुणी कुणाला वलांडायचं न्हाय." हळू चालवणारी अर्थातच मी. म्हणजे एवढ्या भित्र्या बाईला रोज सगळ्यांच्या पुढं राहायची पाळी आली. पाठीवर दोघींची नजर आहे म्हणूनच मी सरळ जात राहिले, नाहीतर पहिल्या वळणावरच माघारी फिरले असते.

मोठा रस्ता चौपदरी झाल्यापासून तिकडं आम्ही जातच नव्हतो. आमची वाट कॅनॉलच्या कडेची. एका अंगाला पाणी, एका अंगाला ऊस, नाहीतर डाळिंबाची बाग, मधूनच एखादी वस्ती. सकाळी मळीचा आंबूस वास येत राहतो, तो आम्हाला वास वाटतच नाही. पाहुण्यांनी नाक धरलं की लक्षात येतं. बाभळी फुलल्या की सिस्टर थांबायच्या. मेंढरं आडवी आली की थांबायच्या, आणि मेंढरं गेल्यावरही मेंढक्याशी बोलत उभ्या. कुणाच्या शेतात ज्वारी हुरड्याला आली असली की बांधावर जाऊन बसायच्या. रस्त्यात भेटणारं निम्मं गाव त्यांच्या ओळखीचं. "ह्याला मी डोस पाजलाय. लई रडका होता," असं त्या मिशीवाल्या, ताठ माणसाकडं बोट दाखवून सांगायच्या आणि तो माणूस खरंच लाजायचा.

त्यांची सायकल इतकी हळू चालायची की ती पडत कशी नाही याचं लोकांना नवल वाटायचं. चालत जाणारे म्हातारे आमच्या पुढं निघून जायचे. एकदा एका आबांनी विचारलंच, "सिस्टर, अशानं पोचायच्या कवा?" सिस्टर म्हणाल्या, "आबा, पोचायचं कुठं हाय?" ते आमच्याबरोबर चालत राहिले, आणि अर्ध्या वाटेत आपल्या गुडघ्याचं दुखणं दाखवून घेतलं.

हे हळू चालवणं काही म्हातारपणामुळं आलेलं नव्हतं. नोकरीत असताना त्यांनी वाड्यावस्त्यांवर सायकलनंच काम केलं. लसीचा डबा मागं बांधलेला, बर्फ वितळायच्या आत पोचायचं, कुठं बाळंतीण अडलेली. "सगळी नोकरी सायकल पळवली गं. रस्त्याच्या कडंला काय हाय ते बघितलंच न्हाय. आता चालवते," असं म्हणून त्या पुन्हा बाभळीकडं बघत बसायच्या.

आणि भीतीबद्दल म्हणाल, तर त्या माझ्याहून भित्र्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं. मी लपवायचे, त्या सांगून टाकायच्या. कुत्रं दिसलं की, "मला ह्याचं भ्या वाटतंय, उतरूया." कॅनॉलला पाणी सुटलेलं असलं की, "मला पवता येत न्हाय. पाण्याच्या कडंनं न्हाय जायचं." मी एकदा म्हटलं, "सिस्टर, तुम्ही एवढ्या भिता, मग घरी का नाही बसत?" त्या म्हणाल्या, "धाडशी माणसांच्या मी जलमभर पट्ट्या बांधल्यात. भित्री माणसं दवाखान्यात येत न्हाईत. भीतीला बरुबर घ्यावं. फक्त हँडलवर बसवायचं न्हाय, मागं कॅरेजला बसवायचं." रुखसानाभाभी मागून म्हणाली, "मंगलताईच्या कॅरेजला आता जागाच न्हाय." तिघी हसलो.

त्यांची सगळ्यात मोठी भीती होती ट्रॉलीची. आमच्याकडं एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर रचलेला. पहिल्या ट्रॉलीचा ऊस एवढा पसरलेला असतो की मागची दिसतच नाही. रस्ता अरुंद, म्हणून माणूस सायकल, गाडी खाली घेऊन थांबतो. ट्रॅक्टर जातो, ट्रॉली जाते, धुरळा तोंडावर बसतो, आणि माणसाला वाटतं, गेला एकदाचा. तो गाडी वर काढतो. नेमकी तेव्हा दुसरी ट्रॉली येते, आणि ती पहिलीच्या चाकोरीतनं येत नाही, झोल खात कडेला येते. पुण्या-मुंबईचा माणूस ही चूक करत नाही, तो ट्रॅक्टर बघूनच लांब पळतो. चूक करतो तो आमच्यातलाच, रोज बघणारा. सिस्टरांनी अशी माणसं दवाखान्याच्या टेबलावर बघितली होती. त्यातल्या एकाच बाईबद्दल त्या बोलल्या, तेही एकदाच. "नवरा भाकरीची वाट बघत व्हता रानात. भाकरी तशीच व्हती गं फडक्यात. गरम व्हती." त्या दिवशी आम्ही पुढं गेलो नाही, तिथूनच माघारी आलो.

म्हणून त्यांचा दंडक होता. गाणं ऐकू आलं की उतरायचं. ट्रॅक्टर, पहिली, दुसरी, आणि धुरळा बसेपर्यंत हँडलला हलवायचं नाही. मी घाई केली की त्या मागून माझं कॅरिअर घट्ट धरून ठेवायच्या.

एका हिवाळ्यात बिबट्या आला. म्हणजे आधी बातमी आली. सकाळी कऱ्हाटीकडं कुणाला तरी दिसला, दुपारी मोबाईलवर व्हिडिओ, आणि संध्याकाळी तो अंथुर्ण्याच्या उसात होता. रुखसानाभाभी म्हणाली, एवढ्या लवकर तर एसटीसुद्धा येत नाही. पण हसण्यावारी नेलं तरी कॉलनीत सातच्या आत दारं लागायला लागली. कुणाची तरी शेळी गेली म्हणे. माझ्या नवऱ्यानं मला सांगून टाकलं, सायकल बंद. मला मनातून बरंच वाटलं. भ्यायला कारण मिळालं की भित्र्या माणसाला फार सुख होतं.

आठवडा गेला. सिस्टर आल्या. "ऊन चांगलं वर आल्यावर जाऊया. लांब न्हाय, देवळाच्या मोरीपर्यंत."

"सिस्टर, बिबट्या आहे."

"हाय की. मला बी भ्या वाटतंय. काल झोप न्हाय. पर आज घरात बसलो तर उद्या परसात जायाचं भ्या वाटंल, आन परवा खिडकी उघडायचं."

गेलो. चांगलं लख्ख ऊन होतं. तिघींच्या सायकलींच्या घंटा सारख्या वाजत होत्या, आणि भाभी मोठ्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगत होती, कुणाचा ब्लाऊज घट्ट झाला, कुणाची बाही उसवली. मोरी म्हणजे कॅनॉलवरचा छोटा पूल, तिच्या अलीकडं उसाचा एक मोठा फड आहे. त्याच्या मध्यावर आलो आणि ऊस हलला. वारा नव्हता. एकाच जागचा ऊस हलला, आमच्या बाजूनं थोडा पुढं सरकला आणि थांबला. भाभीचं बोलणं तुटलं. माझी सायकल तिची तीच डुगडुगायला लागली.

सिस्टर उतरल्या. आवाज अगदी हळू, दवाखान्यातला. "पळायचं न्हाय. वाकायचं न्हाय. सायकल उसाच्या अंगाला घ्या, आपुन पाण्याच्या अंगाला. घंटी वाजवत ऱ्हावा. भाभी, त्या ब्लाऊजचं काय झालं म्होरं?"

सिस्टरांनी पुन्हा विचारलं. मग भाभी रडवेल्या सुरात ब्लाऊजची गोष्ट पुढं सांगायला लागली आणि आम्ही तो सगळा फड चालत पार केला. उसातही काहीतरी आमच्याबरोबर चालत होतं. थांबलो नाही, म्हणून ते काय होतं ते कळलं नाही. कुत्रं असेल, डुक्कर असेल. फड संपल्यावर सिस्टर मोरीवर बसल्या आणि त्यांना पाण्याची बाटली उघडता येईना. मी उघडून दिली. बिबट्या पुढं पकडला की गेला, कुणी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर मला घरातल्या पालीची भीती थोडी कमी वाटायला लागली, हे खरं.

असे उसाचे तीन हंगाम गेले. माझी साखर ताब्यात आली. सायकल हातात बसली आणि माझ्याही नकळत मी सगळ्यात हळू राहिले नाही. एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "आता मी म्होरं." मी त्यांच्या मागं आले. आणि मागं आल्यामुळंच मला ते दिसायला लागलं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते चहाच्या टपरीवर. डाव्या हाताला ठेवलेला पेला त्यांच्या कोपरानं उडाला. त्या म्हणाल्या, हितं कुणी ठेवला? टपरीवाल्यानं त्यांच्या देखतच ठेवला होता. मग एकदा बाभळीची फांदी सरळ त्यांच्या डाव्या गालावर आली, रक्त निघालं, आणि त्यांनी मान जराही बाजूला घेतली नव्हती. कुणी डावीकडून बोललं की त्या डोळे वळवायच्या नाहीत, सगळीच्या सगळी मान फिरवायच्या. भाभीनं विचारलं, "मान आखडली का सिस्टर?" त्या म्हणाल्या, "व्हय. उशी बदलाय पायजे."

मला धडकी भरली. रोज त्यांच्या मागून जाताना माझं लक्ष रस्त्यावर नाही, त्यांच्या डाव्या खांद्यावर असायचं. कॅनॉल कुठल्या बाजूला आहे, कुत्रं कुठून येतंय, सगळं त्यांच्या आधी मी बघायची आणि उगीच घंटी वाजवायची. घरी आले की वाटायचं, आजचा दिवस निभावला. एकदा हिय्या करून विचारलं, "सिस्टर, डोळ्यांना काही होतंय का?" त्या एकदम तडकल्या. "नर्स मी हाय का तू?" आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. कधी चिडायच्या नाहीत त्या. त्या चिडल्या म्हणूनच मला खात्री पटली.

पुढचा हंगाम सुरू झाला. सकाळची वेळ, थंडी पडलेली. समोरून गाणं आलं. आम्ही उतरलो, सायकली खाली घेतल्या, रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिलो. पुढं सिस्टर, मग भाभी, मग मी. ट्रॅक्टर आमच्या डाव्या हातानं आला. गाण्यानं कान बधिर झाले. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली, उसाची पाती तोंडाला घासून गेली, धुरळा उडाला. आणि सिस्टरांनी सायकल वर काढली.

सिस्टरांनी. मला कळायच्या आत त्यांचं पुढचं चाक डांबरावर होतं. दुसरी ट्रॉली झोल खात येत होती आणि त्यांचं तोंड तिच्याकडं नव्हतंच. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. भाभीनं स्वतःची सायकल टाकून दिली आणि सिस्टरांना दोन्ही हातांनी कमरेला धरून मागं ओढलं. दोघी उसाच्या सरीत पडल्या. ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसानं सिस्टरांची सायकल उचलली, थोडी फरफटत नेली आणि सोडून दिली. गाणं लांब लांब गेलं. ड्रायव्हरला काही कळलंही नाही.

भाभी 'या अल्ला, या अल्ला' म्हणत त्यांचे हातपाय चाचपत होती. सिस्टर सरीतच बसून राहिल्या. म्हणाल्या, "दिसलीच न्हाय गं."

मग सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधीच बारामतीला जाऊन दाखवून आल्या होत्या. काचबिंदू. डाव्या डोळ्याची कड पार गेलेली, उजव्याची जायला लागलेली. थेंब चालू होते. "गेलेली नजर माघारी येत न्हाय. हाय ती धरून ठेवायची. डॉक्टरनं सायकल चालवू नका म्हणून सांगितलंय." मातीतून एक ढेकूळ उचलून त्या हातात फोडत होत्या. "गावोगाव मीच सांगत फिरले, चाळिशी झाली की डोळं तपासून घ्या. म्हाताऱ्यांना गाडीत घालून शिबिराला नेलं. आन माझं मीच न्हाय केलं. दुखतच न्हाय गं ते. कळतच न्हाय."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?" मी रडत होते आणि मला त्यांचा रागही आला होता.

"सांगितलं असतं तर सायकल बंद झाली असती. विशाल तर टपूनच हाय, आई पुण्याला चल म्हणून." विशाल म्हणजे त्यांचा मुलगा. "मंगल, मला मरायचं भ्या न्हाय वाटत. एका जागी बसायचं वाटतं. उठायचं, बसायचं, कुणीतरी हाताला धरून गॅलरीत न्यायचं. ते भ्या मी कॅरेजला न्हाय बसवू शकले. ते हँडलवर बसलं, आन मी त्याच्या मागनं बघत ऱ्हायले."

मग त्यांनीच पिशवीतून फोन काढला, डोळ्यांच्या अगदी समोर धरला आणि तिथं, उसाच्या सरीत बसूनच विशालला लावला. "बाळा, हंगाम संपला की मला न्यायला ये. न्हाय, काय झालं न्हाय. माझा मला आता भरवसा न्हाय राहिला, म्हणून म्हणते." पलीकडून तो घाबरून काहीबाही विचारत होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, ट्रॉलीसकट. फोन ठेवल्यावर भाभीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. माझं रडणं मात्र थांबलं. घाबरायला मी एकटी असले की मला रडू येतं. त्या घाबरलेल्या बघून मला रडायला सुचेना.

हंगामभर त्या रस्त्यावर आल्या नाहीत. आम्ही दोघी त्यांच्याकडं जायचो, ओट्यावर बसायचो. सायकलचं चाक वाकडं झालं होतं ते भाभीनं सायकलच्या दुकानातून सरळ करून आणलं. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, उसाची वाहतूक थांबली आणि रस्ते एकदम मुके झाले. विशालचा फोन आला, रविवारी येतो. सिस्टरांनी सामान बांधलं. सामान म्हणजे दोन बॅगा आणि थेंबांच्या बाटल्या. शनिवारी सकाळी मला आणि भाभीला बोलावून घेतलं.

"एकदा जाऊ द्या मला," त्या म्हणाल्या. "कॅनॉलनं. देवळाच्या मोरीपर्यंत. म्होरलं दिसतं मला, नळीतनं बघितल्यागत, पर दिसतं. कडंचं तुमी बघा."

नाही म्हणायला हवं होतं की हो, मला अजून ठरवता येत नाही. नवरा म्हणाला असता, डोकं ठिकाणावर आहे का? भाभीनं माझ्याकडं बघितलं, मी भाभीकडं. आम्ही सायकली काढल्या.

त्या पुढं, आम्ही मागं. कॅनॉलला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ. एवढी भीती मला बिबट्याच्या दिवशीही वाटली नव्हती. त्यांचा वेग तोच, जुना. बाभळीपाशी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, वास आला, पुरे. एका वस्तीवरची बाई हात हलवत होती, मी सांगितलं, सिस्टर, डावीकडं पारूबाई आहे, हात करतेय. त्यांनी न बघताच हात वर केला.

मोरीच्या अलीकडं कॅनॉलची वाट कारखान्याचा रस्ता ओलांडते. उसाच्या गाड्या बंद असल्या तरी त्या रस्त्यानं मोटारसायकली, टेम्पो भरधाव येतात. सिस्टर कडेला थांबल्या. एक पाय जमिनीवर, हात हँडलवर, तोंड समोर. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मंगल," त्या म्हणाल्या, "रस्ता मोकळा हाय का?"

गॅस बंद केलाय का हे मी तीनदा उठून बघणारी बाई. उभ्या जन्मात कुठल्या गोष्टीला मी ठामपणे 'हो' म्हटलं नव्हतं. मी डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. लांब थोडा धुरळा दिसला, तो गाडीचा की वाऱ्याचा, कळेना. पुन्हा बघितलं. कान दिला. भाभी मागं उभी होती. धुरळा तिथल्या तिथं विरला. सिस्टरांनी मान वळवली नाही, पुन्हा विचारलं नाही, त्या नुसत्या माझ्या शब्दाची वाट बघत होत्या.

"मोकळा आहे," मी म्हणाले. "जावा सिस्टर."

त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि सावकाश निघाल्या.